चार बोटं उघडी बंदूक

कलेक्टरसाहेबांचा आदेश पेपरात आला तेव्हा रामाजी लांजेवार पोहे खात होते. आदेश साधा होता. निवडणुकीची आचारसंहिता लागली आहे, तरी जिल्ह्यातल्या समस्त शस्त्र-परवानाधारकांनी आपापली शस्त्रं सात दिवसांच्या आत, सायंकाळी पाचपर्यंत, ठाण्यात जमा करावीत. न केल्यास परवाना रद्द. 'समस्त' हा शब्द रामाजींनी तीनदा वाचला. त्या समस्तांमध्ये आपणही आहोत या विचाराने त्यांची मान ताठ झाली आणि एक शेंगदाणा शर्टावर पडला.

रामाजींकडे बंदूक होती. एकनळी, बारा बोअरची, आमगावकडच्या धानाच्या शेतातून रानडुकरं हाकलायला त्यांच्या वडिलांनी घेतलेली. वडील गेले, आणि वारस म्हणून परवाना आपल्या नावावर करून घ्यायला रामाजींना अडीच वर्षं लागली. त्या अडीच वर्षांत त्यांनी आमगाव, गोंदिया आणि दुर्ग अशा तीन गावच्या कचेऱ्यांतली बाकं झिजवली, चालचलन चांगलं असल्याचे चार दाखले मिळवले आणि डोकं ठिकाणावर असल्याचा एक डॉक्टरी दाखलाही आणला. हा शेवटचा दाखला पाहून सिंधुताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, "कोन्या डॉक्टरनं देला?" एवढंच म्हणाल्या होत्या.

बंदूक भिलाईत, रिसालीच्या घरी येऊन चार महिने झाले होते. ती लोखंडी कपाटात, दोन कुलपांआड असे. काडतुसं घरात नव्हतीच. तरी सिंधुताई त्या कपाटासमोरून जाताना अंग चोरून जात आणि कपाटातला चांगला शालू चार महिने त्यांनी बाहेर काढला नव्हता.

"जमा काहाले करता? देऊनच टाका ना," त्या म्हणाल्या. "सरेंडर म्हनून एक असते. आपल्या पोरीनं, भूमिकानं मोबाईलवर पाह्यलं."

"जमा म्हनजे परत भेटनारं. सरेंडर म्हनजे गेलं," रामाजी म्हणाले. "रिटर्नेबल अन् नॉन-रिटर्नेबल. माह्या बापाची वस्तू मी नॉन-रिटर्नेबल नाई लिहून देनार."

"मंग मीच सांगून ठेवते. यावेळेस काही गडबड झाली, तर निवडनुकीनंतर थे बंदूक या घरात येनार नाई."

आता रामाजींच्या या रिटर्नेबलचा खुलासा करायला हवा. रामाजी स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये चौतीस वर्षं मेन्टेनन्सला होते. प्लांटच्या फाटकाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या पासावर ती परत येणार की नाही, रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल, हे लिहावं लागे. कुठलंही मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याचा स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं, वर 'माणसं कामावर आहेत' अशी पाटी लटकवायची आणि स्विच खरंच बंद आहे का ते स्वतः पाहायचं, हे त्यांचं काम. "बंद आहे" असं जनरल मॅनेजरनी सांगितलं तरी रामाजी स्वतः जाऊन पाहत. चौतीस वर्षांत त्यांच्या शिफ्टमध्ये कोणाचं बोटसुद्धा कापलं गेलं नाही. पण न कापलेल्या बोटांसाठी प्लांटमध्ये बक्षीस नव्हतं. निरोपाच्या समारंभात साहेबांनी हार घालताना त्यांना "रामलालजी" म्हटलं, आणि रामाजींनी तो हार घरी येईपर्यंत खिशात ठेवला होता.

तेव्हा ही बंदूक म्हणजे नुसती बंदूक नव्हती. समस्तांमध्ये त्यांची गणना होण्याचं ते एकमेव कारण होतं.

आदेशाच्या पहिल्याच दिवशी शेजारचे श्यामराव देशकर आले. श्यामराव प्लांटच्या पर्सोनेल खात्यातून रिटायर झालेले. कायदा हा त्यांचा विषय. ज्याच्या त्याच्या घरी जाऊन ते तो विषय काढत.

"रामाजी, उघडी बंदूक रस्त्यानं नेली तर ते शस्त्राचं प्रदर्शन. लोकांत दहशत पसरते. परवाना गेला."

"मंग चादरीत गुंडाळून नेतो."

"चादरीत नेली तर म्हणतील, लपवून नेऊन राहिले. लपवून कोण नेते? ज्याच्या मनात काही हाय तो. परवाना गेला."

"मंग नेऊ कशी, श्यामरावजी? मनातल्या मनात?"

"चिडू नका. नियमात सगळं हाय. बंदुकीसाठीच बनवलेली खोळ पाहिजे. पूर्ण झाकलेली पाहिजे. अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण वेळ तुमच्या ताब्यात पाहिजे. हातातून सुटली नाही पाहिजे."

रामाजींनी दुर्गच्या शस्त्रांच्या दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "लंबी वाली सब खतम, चुनाव है. पिस्तौल का होलस्टर बचा है, भेज दूँ?" श्यामरावांनी तीन होलस्टर एकाला एक जोडून पाहण्याची कल्पना मांडली. ती रामाजींनी फेटाळली.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातल्या टेलरकडे गेले. टेलरने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की मापासाठी माल आणावा लागेल. रामाजी म्हणाले, माल खोळीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. टेलर म्हणाला, मग खोळ घालून आणा. रामाजी म्हणाले, तीच तर शिवायची आहे. हा संवाद बराच वेळ चालला आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

तोपर्यंत बातमी गल्लीभर झाली होती. समोरच्या गयाबाईंनी सुचवलं, "भाऊजी, उसाच्या मोळीत घालून न्या ना. तुळशीच्या लग्नाचे दिवस हायेत, कोनी पाहत नाई."

"अन् ठाण्यात काय जमा करतील, ऊस?" श्यामरावांनी विचारलं.

मागच्या लाईनीतल्या एका गृहस्थांनी बंदुकीची नळी वेगळी करून पिशवीतून नेण्याचा सल्ला दिला. हा सल्ला खरोखरच चांगला होता, त्यामुळे तो अमलात येण्याचा प्रश्न नव्हता. बंदूक मधोमध मोडून उघडत होती, पण नळी सुटायचा खटका वडिलांच्या काळापासून गंजून बसला होता. रामाजींनी तिसरा दिवस त्या खटक्याला दिला. गल्लीतल्या चार घरांतून मशीनचं तेल आलं. नळी सुटली नाही. बैठकीतला गालिचा मात्र आयुष्यात पुन्हा करकरणार नाही इतकं तेल प्याला.

शेवटी चौथ्या दिवशी सिंधुताईंनी स्वतःच शिलाई मशीन पुढे ओढली. "द्या इकडे. पन बंदूक मी धरनार नाई. तुमी धरा, मी दुरून टेप लावते."

सोफ्याच्या जुन्या कव्हरचं जाड कापड निघालं, निळ्यावर गुलाबी फुलं असलेलं. त्या छपाईत कुठल्या पक्षाचं चिन्ह तर नाही ना, हे श्यामरावांनी चष्मा लावून तपासलं. फुलं गुलाबाची निघाली, तेव्हा कात्री लागली. आतून गोधडीचं अस्तर, खाली कातडी तळ, खांद्यावर टाकायला पट्टा. दोन दिवस मशीन चालली आणि दोन सुया मोडल्या. सहाव्या दिवशी दुपारी खोळ तयार झाली आणि रामाजींनी बंदूक अलगद आत सोडली.

नळी चार बोटं बाहेर राहिली.

"तोंडाशी मजबुतीसाठी दुमड देली ना मी," सिंधुताई म्हणाल्या. "थेच कमी पडली असन. मी आयुष्यभर पोलकेच शिवले, नळ्या नाई शिवल्या."

जोड द्यायला घेतला तर तिसरी सुई मोडली, आणि ती घरातली शेवटची होती. सुयांचं दुकान तुळशीच्या लग्नासाठी दोन दिवस बंद. श्यामराव म्हणाले, चार बोटं म्हणजे तत्त्वतः झाकलेलीच. रामाजींना तत्त्वतः हा शब्द आवडला नाही, पण सातवा दिवस उजाडला होता.

इथे रामाजींनी ती गोष्ट केली, जी भिलाईत चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूसच करू जाणे. प्लांटमध्ये कुठल्याही गाडीच्या बाहेर सळई, पाईप, काहीही निघालेलं असलं, की त्याच्या टोकाला लाल कपडा बांधायचा, हा नियम. मागून येणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. रामाजींनी भूमिकाची एक जुनी लाल ओढणी फाडली आणि नळीच्या टोकाला घट्ट बांधली.

"बाबा, प्लीज यार, ये मत बांधो," भूमिका म्हणाली. "कसं तरी दिसून राहिलं."

"दिसू दे. माल बाहेर निघाला की लाल कपडा. दिसाले पायजे म्हनूनच असते थो."

आणि आश्चर्य पाहा, प्रत्येक गोष्टीत कायदा काढणारे श्यामराव यावर एक शब्द बोलले नाहीत. उलट गाठ पक्की आहे का ते त्यांनी ओढून पाहिलं. तेही प्लांटचेच.

दुपारी दोनला दोघं निघाले. श्यामराव स्कूटर चालवत होते. मागे रामाजी, मांडीवर उभी गुलाबी फुलांची खोळ, दोन्ही हातांनी कवटाळलेली, आणि डोक्याच्या वर हातभर लाल कपडा वाऱ्यावर फडफडत होता. खिशात परवाना, परवान्याच्या दोन झेरॉक्स, आधार, फोटो. सिंधुताई फाटकात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी हात हलवला नाही.

मेन रोडच्या चौकात निवडणुकीचं फ्लाइंग स्क्वॉड गाड्या तपासत होतं. एक साहेब, दोन शिपाई आणि एक व्हिडिओवाला. निवडणुकीचे दिवस, छत्तीसगड राज्य, समोरून बंदुकीची नळी येते आहे आणि तिच्यावर लाल निशाण फडकतं आहे. असं दिसल्यावर काय समजायचं, हे स्क्वॉडच्या साहेबांना ट्रेनिंगमध्येच शिकवलेलं होतं.

"रुको! हाथ ऊपर!"

श्यामरावांनी दोन्ही हात वर केले. हँडलवरचे होते तेच. स्कूटर चार हात तशीच गेली आणि शहाण्यासारखी डाव्या कुशीवर आडवी झाली. धूळ खाली बसली तेव्हा श्यामराव रस्त्यावर हात वर करून बसले होते आणि रामाजी बंदूक छातीशी धरून उभे होते.

"आपको सुनाई नहीं दिया? हाथ ऊपर!"

"साहब, नियम है," रामाजी म्हणाले. "हथियार हात से छुटना नहीं चाहिए. आप बोलते तो एक हात ऊपर करता हूँ." आणि त्यांनी डावा हात वर केला.

साहेबांनी परवाना पाहिला, झेरॉक्स पाहिल्या, खोळीवरची फुलं पाहिली. मग लाल कपड्याकडे बोट केलं. "ये झंडा किसका है?"

"झंडा नहीं साहब, ओढनी है. लड़की की. माल चार अंगुल बाहर निकल रहा था ना. लाल कपडा नहीं बांधता तो पीछेवाले के आँख में जाता."

साहेबांनी ओढणीची गाठ ओढून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "प्लांट से रिटायर?"

"रेल मिल, साहब."

"मेरे ससुर भी हैं," साहेब म्हणाले, आणि त्या एका वाक्यात त्यांनी बरंच काही सोसल्याचं दिसलं.

सुटका झाली, पण सरकारी सुटकेला वेळ लागतो. व्हिडिओवाल्यासमोर नाव सांगायचं होतं. रामाजींनी कॉलर नीट करून सवयीने नावापुढे टोकन नंबर आणि शिफ्टही सांगितली. लाल कपडा मात्र जप्त झाला. त्याचा रीतसर पंचनामा झाला, 'लाल कापड, लांबी दीड हात, एक नग', आणि त्याची पावती रामाजींना मिळाली. उघड्या चार बोटांवर साहेबांनी स्वतः आपल्या नाश्त्याची कागदी पिशवी चढवली आणि रबर लावलं. साडेतीन वाजले होते.

स्कूटर सुरू होईना. श्यामरावांच्या कोपराला खरचटलं होतं आणि मनाला त्याहून जास्त. "तुम्ही व्हा पुढे, मी मेकॅनिकपाशी जातो," ते म्हणाले, आणि स्कूटर ढकलत निघाले. ते त्या दिवशीच्या हकिकतीतून इथे बाहेर पडले असते तर बरं झालं असतं.

रामाजींनी ऑटो थांबवला. ऑटोवाल्याने खोळीचा आकार डोळ्यांनी मोजला. "नहीं कका. तोला बइठारहूँ त पुलिस मोला बइठार दिही." तुम्हाला बसवलं तर पोलीस मला आत बसवतील, असं त्याचं छत्तीसगडी म्हणणं. दुसरा थांबलाच नाही. ठाणं दोन किलोमीटर. बासष्टीचे रामाजी सोफ्याच्या कव्हरात बाप खांद्यावर घेऊन चालू लागले. हो, त्यांना तसंच वाटलं. वडील धानाच्या बांधावर हीच बंदूक घेऊन रात्र रात्र बसायचे, आणि एकाही डुकराला त्यांनी मारलं नव्हतं. हवेत बार काढायचे आणि म्हणायचे, जीव जाऊ नाई देला पायजे, ना धानाचा, ना त्याचा.

वाटेत एका उमेदवाराची रॅली आडवी आली. कोणीतरी ओरडलं, "नेताजी का गनमैन पीछे क्या कर रहा है? आगे करो!" आणि रामाजींना खांद्याला धरून सगळ्यांच्या पुढे नेण्यात आलं. तीन मिनिटं रामाजी ढोलताशांच्या पुढे चालले. खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं. मग आठवलं, की प्रचारात शस्त्र म्हणजे श्यामरावांच्या हिशोबाने दोनदा परवाना गेला. ते एका मिठाईच्या दुकानाशेजारच्या बोळात शिरले आणि मागल्या रस्त्याने ठाण्यात पोचले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

ठाण्याच्या व्हरांड्यात रांग होती. आपल्यासारखे समस्त इतके असतील, हे रामाजींना ठाऊक नव्हतं. टेबलामागे मुंशी हवालदार नावं लिहीत होते आणि शेजारच्या लांब बाकावर जमा झालेल्या बंदुका एकीवर एक पडल्या होत्या. नळ्या वाटेल त्या दिशेला. रामाजींनी त्या ढिगाकडे दोनदा वळून पाहिलं, पण रांग सोडली नाही. त्यांच्यापुढे पाचच माणसं होती.

सगळ्यात पुढे हथखोजला कारखाना असलेले चंदन सेठ होते. बोटांत अंगठ्या, खांद्यावर मऊ कातडी खोळीतली दुनळी. त्यांनी ती काढून टेबलावर टाकली. "खाली है, मुंशीजी. जल्दी करो, मीटिंग है."

मुंशींनी मान हलवली आणि 'खाली' असं लिहिलं. दुनळीची दोन्ही तोंडं मुंशींच्या पोटाकडे होती.

रामाजी रांगेतून बाहेर पडले. आपण बाहेर पडतो आहोत हे त्यांना कळत होतं, घड्याळात साडेचार वाजलेले दिसत होते, मागच्या माणसाने लगेच पाऊल पुढे टाकलेलं ऐकू आलं होतं. पण पाय थांबले नाहीत.

"मुंशीजी, ये चेक किसने किया?"

"सेठजी बोल रहे हैं ना, खाली है."

"बोलने से स्विच बंद नहीं होता."

चंदन सेठ वळले. "काका, तीन पीढ़ी से बंदूक है हमारे यहाँ. आप सिखाओगे?" रांगेत हशा पिकला. एकाने रामाजींच्या खोळीवरच्या गुलाबांकडे आणि कागदी पिशवीकडे बोट दाखवलं.

"लाइन में जाइए काका," मुंशी म्हणाले. "पाँच बजे खिड़की बंद. फिर आपका लाइसेंस आप जानो." आणि त्यांनी दुनळी ढिगावर टाकायला हात पुढे केला.

रेल मिलमध्ये लाल तापलेले रूळ धावत असताना जो आवाज शंभर पावलांवरच्या माणसाला थांबवत असे, तो आवाज रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी रामाजींच्या छातीतून निघाला.

"हात नका लावू कोनी!"

मराठीत निघाला. पण ठाण्यातल्या प्रत्येकाला समजला. मुंशींचा हात हवेत थांबला. चंदन सेठ थांबले. कोठडीतला एक माणूस, ज्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, त्यानेही हात वर केले. आतल्या खोलीतून ठाण्याचे इन्चार्ज, ज्यांना तिकडे टीआय साहेब म्हणतात, बाहेर आले.

"क्या हो रहा है?"

रामाजींनी आपली बंदूक खांद्याला अडकवली, कारण ती ताब्यातून सुटता कामा नये. मग ते टेबलाशी गेले, सगळ्यांना मागे सरायला सांगितलं, दुनळी दोन्ही हातांनी उचलली, तोंड आग विझवायच्या वाळूच्या बादलीकडे केलं, घोड्यापासून बोट दूर ठेवलं आणि ती मधोमध उघडली.

डाव्या नळीत काडतूस होतं.

ते लाल काडतूस रामाजींनी चिमटीने काढलं आणि मुंशींच्या वहीवर, 'खाली' या शब्दावर उभं ठेवलं. मुंशी खुर्चीत हळूच मागे सरकले आणि त्यांनी पोटावर हात ठेवला. चंदन सेठ म्हणाले, "वो... दशहरे पे... पूजा के लिए..." आणि मग तेही थांबले. तीन पिढ्यांची बंदूक होती. कोणत्या पिढीने भरली, हे त्यांना सांगता येईना.

"ये सब," टीआय साहेबांनी बाकावरच्या ढिगाकडे पाहून विचारलं, "ये सब किसने चेक किए?"

मुंशींनी वहीचं मागचं पान उलटून पाहिलं, तर तिथेही ओळीने 'खाली'च लिहिलेलं होतं.

"आप करेंगे?" टीआय साहेब रामाजींना म्हणाले. "हमारे आदमी आपके साथ रहेंगे. जैसा आप बोलेंगे, वैसा होगा."

मग रामाजींचं राज्य सुरू झालं. पहिल्यांदा व्हरांडा रिकामा. मग एका वेळी एकच बंदूक, तोंड वाळूकडे. रामाजी सांगत, शिपाई उघडत, रामाजी स्वतः डोळ्याने पाहत, मग दोरीने चिठ्ठी बांधली जाई: नाव, नंबर, 'तपासली'. एकोणतीस बंदुका झाल्या. आणखी एकीत काडतूस निघालं. ती ज्यांची होती ते गृहस्थ सभ्य आणि वजनदार होते, म्हणून त्यांचं नाव इथे घेत नाही. मुंशी आता प्रत्येक वेळी "काकाजी, देख लिया?" विचारत आणि रामाजींनी मान हलवल्याशिवाय लिहीत नव्हते.

तिसावी बंदूक रामाजींची स्वतःची होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून अकरा मिनिटं.

मुंशींचा चेहरा उतरला. "काकाजी, टाइम तो... आदेश में पाँच लिखा है."

रामाजी खोळीचा पट्टा धरून उभे राहिले. अडीच वर्षं, तीन गावं, चार दाखले. चौतीस वर्षांत ज्याला काही मिळालं नाही, त्याला आता तरी काय मिळणार, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना मनापासून रडू येत होतं, पण पोलीस ठाण्यात रडण्याची त्यांची तयारी नव्हती.

"वोटिंग में क्या नियम है?" टीआय साहेबांनी मुंशींना विचारलं. "टाइम खतम होने तक जो लाइन में लग गया, उसका वोट होता है. जो पाँच बजे लाइन में था, उसका हथियार भी जमा होगा."

"पर सर," मुंशी प्रामाणिकपणे म्हणाले, "काकाजी तो लाइन से निकल गए थे."

"कौन बोलता है?" हा आवाज चंदन सेठांचा होता. मीटिंग सोडून ते अजून तिथेच थांबले होते. "काका मेरे आगे थे. मैं बीच में घुसा था. लिखो."

"थे, थे! सबसे आगे थे!" सगळी रांग ओरडली. ज्याने गुलाबांकडे बोट दाखवलं होतं, तो सगळ्यात मोठ्याने.

बंदूक जमा झाली. रामाजींनी तीही वाळूकडे तोंड करून उघडायला लावली, कारण स्वतःच्या शब्दावरही विश्वास ठेवायचा नसतो. पावती हातात आली तेव्हा त्यांनी ती तिथल्या तिथे वाचली आणि परत पुढे केली. "मुंशीजी, 'चुनाव के बाद वापसी' लिखा नहीं." मुंशींनी उठून, उभं राहून लिहिलं.

आता इकडे रिसालीत काय झालं होतं ते सांगतो. श्यामराव मेकॅनिककडे स्कूटर टाकून साडेचारलाच घरी पोचले होते, आणि चौकातली हकिकत त्यांनी गल्लीला सांगितली होती. ती सांगताना स्क्वॉडचे दोन शिपाई आठ झाले, आणि 'सुटका' हा भाग कोपराच्या दुखण्यात राहून गेला. त्यामुळे साडेसहाला पोलिसांची जीप गल्लीत शिरली तेव्हा सगळी गल्ली फाटकांत उभी होती. गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. भूमिका धावत बाहेर आली. जीपच्या मागच्या बाकावर दोन शिपायांच्या मधे रामाजी बसलेले दिसले आणि सिंधुताई मटकन ओट्यावर बसल्या.

"मी म्हनलं होतं ना," त्या एवढंच म्हणाल्या. "झाली ना गडबड."

जीप थांबली. मुंशी हवालदार स्वतः पुढून उतरले, मागे आले, दार उघडलं आणि रामाजींना हात धरून उतरवलं. मग दोन पावलं मागे सरून त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. बुटाचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

"काकाजी, कल दस बजे," ते म्हणाले. "टीआय साहब ने बोला है, मालखाने के पुराने हथियार भी आप ही के हाथ से चेक होंगे. एक सौ चालीस नग हैं. गाड़ी आ जाएगी." आणि गल्लीकडे वळून, कोणी विचारलं नसताना, त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवून सांगितलं, "आज इनकी वजह से खड़े हैं आपके सामने."

रामाजींनी नुसती पावती सिंधुताईंच्या हातात दिली.

सिंधुताईंनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग त्या उठल्या, पदर सावरला आणि फाटकापर्यंत गेल्या. जीप सुरू झाली होती.

"ओ हवालदारजी, रुको," त्या म्हणाल्या. "दस बजे नहीं. इनका जेवन साडेदस को होता है. गाडी ग्यारा को भेजना. और ये बताव, हमारी बंदूक वापस कौनसी तारीख को देते? घर की चीज है. हमारा आदमी मंगता है, तो पक्की तारीख लिख के दो."

मुंशींनी जीप बंद केली, खाली उतरले आणि बॉनेटवर कागद ठेवून तारीख लिहून दिली.